कॅनवरचे पोचे

आण्णा रिटायर झाले त्या दिवशी त्यांच्यासोबत अजून आठजण रिटायर झाले. तारीख एकतीस मे. दूध संघात दरवर्षी हेच होतं, कारण त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जून. गावाकडं जन्माची नोंद करत कोण बसतंय? पोरगं शाळेत नेलं की गुरुजी त्याला हात डोक्यावरून घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. धरता आला की लिहून टाकायचे एक जून. साल अंदाजानंच, दोन-चार वर्षं इकडंतिकडं. आण्णांच्या वर्गात बत्तीस पोरं, त्यातली एकोणतीस एक जूनची.

नऊ शाली, नऊ नारळ, भाषण एकच. आण्णांनी शालीची घडी मांडीवर घेतली, मान खाली घातली आणि खुर्चीतच झोपले. खरंच झोपले. ग्रुप फोटोत आठजण उभे आहेत, एकजण झोपलाय.

चौतीस वर्षं चिलिंग प्लांट. अमोनियाचा कॉम्प्रेसर. पाळी बहुतेक रात्रीचीच. दूध रात्रीत नासू द्यायचं नाही, एवढंच काम. पण ते चौतीस वर्षं.

घरी आल्यावर म्हणाले, "सुजित, आता मी झोपणार. कुणी उठवायचं न्हाई."

मी म्हटलं, "झोपा की."

"त्याआधी एक अर्ज भर."

मला माहीत होतं कुठला. सांगलीच्या फॅमिली कोर्टाबाहेर माझं टेबल आहे. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, वर छत्री. लोकांचे पोटगीचे अर्ज भरून देणं हाच माझा धंदा. आणि आण्णा माझ्या आईला सतरा वर्षं पोटगी देतायत.

"कमी करायचा अर्ज," ते म्हणाले. "रिटायर झालो. पगार बंद. पेन्शन किती, तुला ठावूक हाय."

"आणि आई?"

"ती काय बोलायची ती कोर्टात बोलंल."

मी भरला अर्ज. दोघांचा मुलगा म्हणून माझी ही ड्युटीच आहे. अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून एकाचं सांगणं दुसऱ्याला सांगतोय.

*

आता मशीनचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आधी रिटायरमेंट म्हणजे तारीख. दाखल्यावर अठ्ठावन्न झाले की माणूस थकला असं धरायचे. मग देहघड्याळ आलं. बोटातून एक थेंब रक्त घ्यायचं. आपल्या पेशींत जो डीएनए असतो त्यावर जागोजागी बारीक रासायनिक ठिपके बसलेले असतात. वय वाढतं तसे काही ठिपके वाढतात, काही पुसट होतात. लाखो लोकांचे ठिपके मोजून त्याचा हिशेब बसवलाय. मशीन तुमचे ठिपके बघतं आणि सांगतं, हे शरीर अमुक वर्षांचं आहे. त्याला म्हणायचं देहवय.

आण्णांना मी दुधाच्या कॅनवरून समजावलं होतं. कॅनच्या बुडावर बनवल्याची तारीख असते. पण तो किती फिरला, किती आपटला ते तारखेवरून कळत नाही. पोच्यांवरून कळतं. मशीन पोचे मोजतं.

मी बारावीनंतर शिकलो नाही. हे सगळं फुकट व्हिडिओ बघून आणि लोकांचे रिपोर्ट वाचून वाचून कळलं. पण कळलंय नीट.

आता कोर्टानं काय केलं, तर पोटगीच्या कामात कागदी वय बाजूला ठेवलं. पोटगी देणारा म्हणाला मी रिटायर झालो, तर त्याचं देहघड्याळ लावायचं. देहवय अठ्ठावन्नच्या वर असेल तर रिटायरमेंट खरी. खाली असेल तर तुमच्यात अजून काम शिल्लक आहे, पोटगी आहे तशी चालू. आणि घेणारीचंही लावायचं. ती अठ्ठावन्नच्या खाली निघाली तर तिला सांगायचं, बाई तुम्हीपण थोडं कमवा.

त्यामुळं आमच्या कोर्टाबाहेर जगाच्या उलटं चालतं. बाहेर सगळे तरुण दिसायला धडपडतात, इथं प्रत्येकाला म्हातारं निघायचं असतं. आठ-आठ दिवस जागरण करून येतात. कधी तोंडात बिडी न धरलेली माणसं पाकिटं ओढून येतात. एक काका केस पांढरे रंगवून आले. मी म्हटलं, "काका, मशीन केस बघत नाही." ते म्हणाले, "असूदे, जज्ज तर बघतील."

यातलं काही चालत नाही. मशीन आठवडा मोजत नाही, वर्षं मोजतं.

आण्णांना मी हे सांगितलं. म्हणाले, "मला काय करायची गरज न्हाई. माझ्याकडं बघ की."

मी बघितलं. डोळ्याखाली काळं, खांदे पडलेले. मलापण वाटलं साठ-बासष्ट तरी निघतील.

*

टेस्टला दोघं एकाच दिवशी आले. आई मिरजेहून शेअर रिक्षानं आली, सोबत डबा घेऊन. मिरजेत तिची डब्याची मेस आहे. हॉस्पिटलात पेशंट असतो, त्याच्यासोबत गावाकडून आलेलं माणूस असतं, त्याला जेवण पाहिजे असतं. सकाळी तीस डबे, संध्याकाळी तीस. कोर्टाला तिनं हे कधी लपवलं नाही. खर्च वजा जाता राहतं त्यात घरभाडंसुद्धा निघत नाही. भाडं पोटगीतून जातं.

बाकावर ती या टोकाला, आण्णा त्या टोकाला, मधे मी.

आई मला म्हणाली, "जेवलेत का विचार."

मी म्हटलं, "आण्णा, जेवलात का?"

आण्णा मला म्हणाले, "सांग, जेवलो."

"खोटं आहे," आई म्हणाली. "उपाशी राहिलं की म्हातारं निघतं असं कुणीतरी सांगितलं असेल. भाकरी आहे यात, आणि दोडक्याची भाजी. दे त्यांना."

आण्णांनी खाल्लं. सगळं खाल्लं. डबा धुवायला उठले, तर आई म्हणाली, "राहूदे, मी धुते." सतरा वर्षांपूर्वी वेगळी झालेली माणसं ही.

अर्ध्या तासात रिपोर्ट आले. लॅबमधली मुलगी नवीन होती, तिला आमच्या इथलं उलटं गणित अजून माहीत नव्हतं. हसत हसत बाहेर आली.

"सर, अभिनंदन! एक्कावन्न! खूप छान मेंटेन केलंय तुम्ही."

आण्णा उठले, परत बसले. "किती?"

"एक्कावन्न, सर."

"चौतीस वर्षं रात्रीचा जागलोय मी," आण्णा म्हणाले. आवाज चढला नाही, हेच वाईट वाटलं. "चौतीस वर्षं. मग ती गेली कुठं?"

 मला कारण माहीत होतं. काही शरीरं अशी असतात. ताण खातात आणि पचवतात. आजोबा नव्वदीत शेतावर जायचे. झोप लागते, थकवा येतो, हाडं दुखतात, पण ठिपके सावकाश पडतात. मशीनला थकवा दिसत नाही. झिजणं दिसतं.

मुलीनं दुसरा कागद आईला दिला. या वेळी हसली नाही.

आईनं चष्मा लावला. बराच वेळ वाचत होती. वाचायला फक्त एक आकडा होता.

"त्रेसष्ट," ती म्हणाली.

आईचं खरं वय त्रेपन्न. मिरजेच्या हॉस्पिटलात जन्मलेली, वेळेसकट दाखला आहे, त्यात चूक नाही.

"आई, त्यात दीड वर्ष इकडंतिकडं असतं—"

"माझी आई चौसष्टाव्या वर्षी गेली," आई म्हणाली. मग कागदाची घडी घालून रिकाम्या डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

आण्णा ऐकत होते. पण स्वतःचा कागद हातात धरून बसले होते. मी त्यांना दोष देत नाही.

*

आता नियमातली एक बारीक गोष्ट. दाखल्यावरचं वय आणि देहवय यात पाच वर्षांपेक्षा जास्त फरक पडला, तर कोर्ट जन्माचा दुसरा पुरावा मागतं. पुरावा आला तर ठीक. नाही आला तर रिपोर्ट बाद. मग जुन्या पद्धतीनं, कागदी वयावर निकाल.

आईचा फरक दहा वर्षांचा, पण तिच्याकडं हॉस्पिटलचा दाखला होता. तिचा रिपोर्ट पक्का झाला.

आण्णांचं कागदी वय अठ्ठावन्न, देहवय एक्कावन्न. फरक सात. दुसरा पुरावा नाही. म्हणजे रिपोर्ट बाद. म्हणजे रिटायरमेंट खरी. म्हणजे पोटगी एक तृतीयांशावर.

मी आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते कॉटवर आडवे होते. उठून बसले.

"म्हणजे जिंकलो?"

"दुसरा पुरावा निघाला नाही तर."

 दोघांना एकच गोष्ट आठवत होती.

आण्णांची पत्रिका. गुरुजींनी एक जून लावला, पण आजोबांनी जन्माच्या वेळी गावातल्या जोशांकडून पत्रिका मांडून घेतली होती. त्यात खरी तारीख, खरी वेळ. मार्गशीर्षातली, दाखल्याच्या साडेतीन वर्षं नंतरची. म्हणजे आण्णा अठ्ठावन्न नाहीतच. त्यांना पंचावन्नावं चालू आहे. मग फरक सातचा नाही, जेमतेम चारचा. पत्रिका कोर्टात गेली तर रिपोर्ट पक्का. देहवय एक्कावन्न, अजून सात वर्षं काम, पोटगी पूर्ण.

आणि ती पत्रिका लग्नात गुण जुळवायला आईच्या घरी गेली होती. तिथून परत आलीच नाही.

"तिच्याकडं असंल का अजून?" आण्णांनी विचारलं.

"आई काही टाकत नाही."

"ती काढंल का?"

मी म्हटलं, "तिचं भाडं आहे त्याच्यावर, आण्णा."

"तू सांगणार हाईस तिला?"

या प्रश्नाचा मला फार कंटाळा आलाय. लहानपणापासून हाच प्रश्न, दोन्हीकडून. मी म्हटलं, "नियम काय आहे तो मी सगळ्यांना सांगतो. फी घेऊन सांगतो. तिला फुकट सांगेन."

ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

*

मिरजेला गेलो तर सकाळचे अकरा वाजत आलेले, म्हणजे डबे भरायची वेळ. ओट्यावर तीस डबे उघडे. आई एका हातानं वरण घालत होती, दुसऱ्या हाताचं मनगट कमरेला दाबून धरलेलं. ती हे कायम करते. मी ते कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे बघितलं होतं, पण त्या दिवशी बघितलं.

मी सांगायला तोंड उघडलं.

"माहितीय," ती म्हणाली. "तुझ्याच टेबलावर बसून ऐकलंय मी हे नियम. पुरावा लागतो ना दुसरा?"

"हो."

तिनं हात धुतले, कपाट उघडलं. साड्यांच्या खालून एक पिवळा पडलेला गुंडाळलेला कागद काढला. दोरा तोच असावा, लग्नातला.

"छत्तीसपैकी एकतीस गुण जमले होते," ती म्हणाली. "भटजी म्हणाले होते असा जोडा लाखात एक. त्या भटजींना शोध आणि त्यांचंपण घड्याळ लाव."

मी हसलो. ती नाही हसली.

"घे. त्यांना नेऊन दे."

"त्यांना? तुझ्या वकिलांना नको?"

"त्यांना दे."

"आई, त्यांना दिलं तर ते फाडून टाकतील. मग ते जिंकतात. तुझं भाडं कसं भागणार?"

ती परत वरण घालायला लागली. सहा-सात डबे भरले. मग म्हणाली, "मला किती वर्षं लागणार आहेत आता पैसे?"

"असं काय बोलतेस? तसं नसतं ते."

"कसं असतं मग? तूच सांगतोस ना लोकांना, मशीन खोटं बोलत नाही म्हणून." वरणाचा डाव पातेल्यात ठेवला. "मला कंटाळा आलाय रे भांडायचा. सतरा वर्षं ते कोर्ट, त्या तारखा. त्यांचा कागद आहे, त्यांना दे. फाडायचा तर फाडूदेत. मी त्यांना म्हातारं होऊ दिलं नाही असं नको व्हायला."

मी डब्यांची झाकणं लावत बसलो. तीस झाकणं. संध्याकाळी परत तीस. सतरा वर्षं. ओट्यापुढं उभी राहून, पहाटे चारला उठून, पेशंट गेला की पैसे न देता निघून गेलेल्या माणसाला काही न बोलता. हिशेब केला नाही. मशीननं केला होता.

*

आण्णा दिवसा झोपले होते. उजेडात, खिडकी उघडी टाकून. चौतीस वर्षं काळा पडदा लावून झोपले, आता पडदा काढला होता. मी उठवलं. कुणी उठवायचं नाही म्हणाले होते, तरी उठवलं.

पत्रिका हातात दिली.

"दिली तिनं?" ते म्हणाले. "काय म्हणाली?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. सहसा मी दोन्हीकडचं थोडं गाळून, थोडं मऊ करून सांगतो. त्या दिवशी काही गाळलं नाही.

आण्णांनी दोरा सोडला. कागद कडेनं तुटत होता. वाचत नव्हते, नुसतं बघत होते.

"त्रेसष्ट कशानं रे?" ते म्हणाले.

"कशानं म्हणजे?"

"ती तर घरातच असती."

 त्यांनाच ऐकू गेलं असावं आपण काय बोललो ते. पत्रिका गुंडाळायला गेले, नीट गुंडाळता येईना, हाताला कॉम्प्रेसरचे नट सवयीचे, कागद नाही.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तिला आवडतंय ते. डबे करायला. मी पैसे पाठवत हुतो ना महिन्याला. मला वाटलं झालं माझं काम."

*

तारखेला जज्जबाईंनी विचारलं, "तानाजी खरमाटे, जन्माचा दुसरा काही पुरावा आहे?"

आण्णांच्या वकिलानं म्हटलं, "नाही, मॅडम."

"हाय," आण्णा म्हणाले.

वकील वळून बघायला लागला. आण्णांनी शर्टाच्या आतून पत्रिका काढली. "मॅडम, दाखल्यावरचं वय गुरुजींनी लावलंय. मी अठ्ठावन्नचा न्हाई. पंचावन्नावं चालू हाय मला. हे बघा."

जज्जबाईंनी पत्रिका हातात घेतली, उलटी, मग सुलटी. वाचता येईना तेव्हा क्लार्ककडं दिली. क्लार्क एक जूनचाच असावा, त्यानं लगेच वाचली.

"तुम्हाला कळतंय ना," बाई म्हणाल्या, "हे तुमच्याच विरुद्ध जातंय?"

"कळतंय."

"मग का देताय?"

"खरं हाय म्हणून," आण्णा म्हणाले. मग म्हणाले, "आणि मी एक्कावन्नचा हाय म्हणून."

पोटगी पूर्ण कायम झाली. वर्षानं पुन्हा देहघड्याळ लावायची मुभा. दोघांपैकी कुणाच्या आकड्यात फरक पडला तर नवा अर्ज.

बाहेर आई छत्रीखाली माझ्या टेबलाजवळ उभी होती. आण्णा आले आणि, मी मधे असताना, पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलले.

"संध्याकाळचे डबे बंद कर."

"तुम्ही कोण मला सांगणारे?"

"पोटगी देणारा. ती लॅबमधली पोरगी म्हणाली, ताण कमी झाला, झोप नीट झाली तर आकडा थोडा मागं येतो. खरं का सुजित?"

"थोडा येतो," मी म्हटलं. "सगळ्यांचा नाही. पण येतो."

"मी काय उपकार करत न्हाई," आण्णा म्हणाले. "तुझं देहवय अठ्ठावन्नच्या खाली आलं की माझी पोटगी कमी हुती. नियम हाय. तू झोप काढ, मी अर्ज टाकतो."

"म्हणजे मी तरुण व्हायचं, तुमचे पैसे वाचावेत म्हणून?"

"हां."

"मग मी म्हातारीच राहते."

"बघ तुझं तू," आण्णा म्हणाले आणि निघाले. दहा पावलं जाऊन परत आले. "दोडक्याची भाजी चांगली हुती."

*

आण्णा कुपवाडला बर्फाच्या कारखान्यात लागले. तोच अमोनिया, तसाच कॉम्प्रेसर, फक्त जुना आणि गळका. पाळी पुन्हा रात्रीची. खिडकीला काळा पडदा परत लागला.

आईनं संध्याकाळचे डबे लगेच बंद केले नाहीत. महिनाभर हट्टानं केले. मग एका दिवशी मला फोन, "आज संध्याकाळी काय करू कळेना, म्हणून झोपले. सात वाजता जाग आली. वाटलं सकाळ झाली." दुसऱ्या आठवड्यात शेजारणीबरोबर दंडोबाच्या डोंगरावर फिरून आली. तिसऱ्या महिन्यात मनगट कमरेला लावायचं थांबलं. हे मी आता मुद्दाम बघतो.

आण्णा दर महिन्याला विचारायचे, "कशी हाय?" मी म्हणायचो, "झोपते." ते म्हणायचे, "झोपूदे." एवढंच.

वर्ष झालं. एक जून. निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस. लॅबमध्ये मी आईला घेऊन गेलो. आण्णांना नव्हतो नेणार, पण ते रात्रपाळी संपवून परस्पर आले, अंगाला अमोनियाचा वास. रक्त दिलं, बाकाच्या त्या टोकाला बसले आणि बसल्या बसल्या झोपले. शालीशिवाय.

मुलगी आता जुनी झालेली. कुणाला अभिनंदन म्हणायचं नाही हे तिला कळलं होतं. दोघांचे कागद माझ्या हातात देऊन गेली.

आई एकसष्ट.

मी दोनदा वाचलं. एकसष्ट. दोन वर्षं मागं. आईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"दोनच?" म्हणाली, पण कागद सोडेना.

"दोन खूप असतात, आई."

"त्यांना सांगू नकोस. लगेच अर्ज टाकतील."

"अठ्ठावन्नच्या खाली यावं लागतं."

"तरी." मग म्हणाली, "त्यांचा किती?"

आण्णांचा कागद मी घडी करून ठेवला होता. तिनं हात पुढं केला. सतरा-अठरा वर्षं मी दोन्हीकडचं गाळून सांगत आलोय. कागद दिला.

छप्पन्न.

एका वर्षात पाच. चौतीस वर्षं जे शरीर ताण पचवत आलं, त्यानं एकदा सुट्टी घेतली, पंधरा दिवस उजेडात झोपलं, आणि परत जुंपल्यावर पचवलं नाही. हे का होतं ते मला व्हिडिओत सापडलेलं नाही. कुठं लिहिलेलंपण नाही. मी एवढंच सांगतो की दोन वर्षं इकडून उतरली आणि पाच तिकडं चढली. हिशेब काही जुळत नाही. मधे कुठंतरी तीन सांडली.

आईनं दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. बाकाच्या त्या टोकाला बघितलं. आण्णांची मान खाली, तोंड उघडं. एक चप्पल सुटलेली.

"अजून दोन वर्षं काढली की अठ्ठावन्न होतील त्यांचे," ती म्हणाली. "मग कोर्टाला पटेल, थकलेत म्हणून."

"हो."

"लॅपटॉप आणलायस?"

"आणलाय."

"अर्ज भर."

"कसला?"

"पोटगी कमी करायचा. माझ्या नावानं. अर्धी पुरेल मला. संध्याकाळचे डबे नाही सुरू करणार परत, घाबरू नकोस. माझ्याकडची वरची खोली मालक दुसऱ्याला द्यायची म्हणतोय, देऊदे, मी खालच्या एका खोलीत राहीन, भाडं कमी होईल."

मी कोर्टाचं पोर्टल उघडलं. घेणारी या कॉलममध्ये 'वाढ' आहे, 'थकबाकी' आहे. 'कमी' हे बटण राखाडी आहे, दाबलं जात नाही. घेणारी माणसं कमी मागतील असं बनवणाऱ्याला वाटलंच नव्हतं. मी 'इतर' उघडलं. तिथं एक रिकामी चौकट येते.

"कारण लिहावं लागतं," मी म्हटलं. "काय लिहू? देहवयाचं लिहू?"

"नको ते."

"मग?"

आई बाकाच्या त्या टोकाकडंच बघत होती. लग्नात उखाणा घेतला असेल तेव्हाच त्यांचं नाव घेतलं असेल, त्यानंतर मी कधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घटस्फोटाच्या अर्जातसुद्धा ती 'ते' म्हणायची आणि वकील नाव घालायचा.

"लिही," ती म्हणाली. "तानाजी खरमाटे रिटायर झाले."

मी टाइप केलं. मग ती उठली, त्या टोकाला गेली, वाकून सुटलेली चप्पल त्यांच्या पायाजवळ नीट लावली आणि परत येऊन बसली. त्यांना उठवलं नाही.